फाटकाला टेकवलेला खराटा

आमच्या हालावारा गावात बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. बर्फ पडताना आम्हाला त्याचा आवाज येतो, असं बाहेरचे लोक थट्टेनं म्हणतात. खरं सांगायचं तर येतोच. पण अशा गावातही इसाक्की लाम्पेला मुका समजला जायचा. उन्हाळ्यात नदीतून ओंडके वाहून न्यायचे, हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाखाली जाळी लावायची, आणि या दोन्ही कामांत माणसांशी बोलावं लागत नाही म्हणून समाधानात राहायचं, असा तो गडी. वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यानं लग्न केलं, तेव्हा त्यानं मुलीला विचारलं तरी कसं, हा गावाला मोठाच प्रश्न पडला.

विएनो पुढं हसून सांगायची, "विचारलंच नाही त्यानं. छावणीत मी लाकूडतोड्यांचा स्वयंपाक करायचे. हा रोज माझ्याआधी उठून चूल पेटवून ठेवायचा. चाळीस दिवस वाट बघितली आणि मग मीच विचारलं."

ही विएनो पूर्व सीमेवरच्या कारेलिया प्रांतातली. युद्ध संपलं तेव्हा सीमा सरकली, आणि तिचं घर, अंगणातली विहीर, बापाची कबर, सगळं पलीकडं राहिलं. त्यानंतर आठ वर्षांत तिनं तीन गावं बदलली. प्रत्येक ठिकाणी डोक्यावर छप्पर मिळालं, काम मिळालं, पण शेजारीण म्हणून कुणी कधी तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. घरदार सोडून आलेल्या या लोकांची तिथं एवढीच ओळख: आमची भाकरी खायला आलेले. आणि ती तर अशा मुलखातली, जिथं सकाळी दार उघडलं की रात्रीपर्यंत लोटायची सवड मिळत नसे, इतकी माणसं येत-जात.

लग्न फेब्रुवारीच्या सुरुवातीला झालं. मधुचंद्र वगैरे आमच्याकडं कुणी करत नाही. सोमवारी लग्न तर मंगळवारी गोठा. पण इसाक्कीनं आठ दिवस जाळी उचलून ठेवली आणि नवरीला बर्फगाडीवर बसवून गोठलेल्या तळ्यापलीकडं घेऊन गेला. तिथं टेकाडावर, दाट देवदारांच्या मागं, त्यानं तीन उन्हाळे खपून स्वतःच्या हातानं लाकडी घर बांधलं होतं. तेच पुढं त्यांचं घर व्हायचं होतं.

विएनोनं ते पाहिलं आणि मनात एक ठरवलं. नवऱ्याला बोलली नाही. या आठ दिवसांत गावातलं एक जरी माणूस आपणहून आलं, तर इथं मुळं धरायची. नाही आलं, तर नवऱ्याला घेऊन दक्षिणेला बहिणीच्या गावी जायचं. तिथं बेकरीत काम होतं. परकंच राहायचं असेल तर निदान बहिणीजवळ तरी राहावं. चौथं गाव सोसायची ताकद आता तिच्यात नव्हती.

इसाक्कीनंही मनात एक ठरवलं होतं, आणि तोही बोलला नाही. त्याला भीती होती ती आमच्या मांदाकाकूची. काकूला नव्या नवरीचा वास तीन कोसांवरून यायचा. ती आली की तिच्यामागून सगळं गाव येणार, बाकावर ओळीनं बसणार, आणि सासू नसलेल्या पोरीचा सासुरवास पहिल्याच दिवशी सुरू होणार. म्हणून पोचल्या पोचल्या तो खाली तळ्याकाठच्या फाटकाशी गेला आणि तिथं एक खराटा टेकवून आला. दाराला खराटा म्हणजे घरी कुणी नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. फाटक घरातून दिसत नव्हतं. पाण्याचा झराही घराच्या मागच्या अंगाला होता. त्यामुळं विएनोला खाली उतरायचं कारणच पडलं नाही.

झालं. पहिल्या दिवसापासून तिनं पाहुण्यांची तयारी मांडली. पहाटे उठायची, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पाऱ्या लाटायची, त्यात जवाची घट्ट पेज भरून कडा चिमटीनं दुमडायची आणि भट्टीत लावायची. त्यांच्याकडचे ते पिराक्के. कॉफी त्या काळी रेशनकार्डावर मिळायची. लग्नाच्या वाट्याची सगळी तिनं पाहुण्यांसाठी बाजूला काढली, आणि दोघं भाजक्या धान्याचं काळं पाणी पीत बसली. दुपार व्हायची, खिडकीबाहेर दिवस निळा पडायचा, कुणी यायचं नाही. संध्याकाळी इसाक्की ताटभर पिराक्के एकटा संपवायचा. बायको आपल्यासाठी रोज एवढं करते, हे पाहून त्याचा ऊर भरून यायचा. पाचव्या दिवशी त्यानं कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

आता माझी बाजू. तिसऱ्या दिवशी मी दोन मोठे मासे घेऊन स्कीवरून तिकडं गेलो होतो. फाटकाशी खराटा पाहिला, वर पाहिलं तर धुराड्यातून धूर. मनाशी हसलो आणि मागं वळलो. अर्ध्या तळ्यावर मांदाकाकू भेटली, पाठीला लोणी नि गरम मोजे बांधलेली.

मी म्हटलं, "काकू, फिरा मागं. खराटा आहे. धूर मात्र येतोय."

काकू म्हणाली, "धूर येणारच की. चौतीस वर्षं वाळलेलं लाकूड आहे ते."

तरी ती खात्री करायला फाटकापर्यंत गेलीच. असे एकेक करत आम्ही अकरा घरचे लोक जाऊन परत आलो. आपण मोठी समजूत दाखवली याचा आम्हाला अभिमानही वाटत होता. त्या आठवड्यात थंडी उणे तिसाच्या खाली, आभाळ काचेसारखं, बर्फाचा एक कण पडला नाही. आमच्या स्कीच्या खुणा फाटकाशी येऊन वळलेल्या, तशाच्या तशा गोठून राहिल्या. इसाक्कीनं त्या पाहिल्या होत्या. खराटा कामाला आला म्हणून तो खूश होता.

सहाव्या दिवशी सकाळी भट्टी पेटली नाही. इसाक्की सरपण घेऊन आत आला, तर विएनो गाठोडं बांधत होती. तो सरपण हातात धरून नुसता उभा राहिला. मग तिनंच सांगितलं. तीन गावांचं सांगितलं, मनातल्या अटीचं सांगितलं, बहिणीच्या गावचं सांगितलं. तुझ्यावर राग नाही, म्हणाली, पण तुझ्या गावाला मी नको आहे.

इसाक्कीच्या हातातलं सरपण खाली पडलं. त्यानं भिंतीवरचा तिचा कोट काढून पुढं धरला. तिला वाटलं, हा मला लगेच न्यायलाच निघाला. डोळे भरून आले, पण ती त्याच्यामागून देवदारांतून उतरली. फाटकाशी पोचल्यावर तिनं खराटा पाहिला. खराट्यापलीकडं, लाल कोवळ्या उन्हात, तळ्यावरून आलेल्या आणि तळ्यावर गेलेल्या खुणाच खुणा.

"मी लावला," इसाक्की म्हणाला. "तुला निवांतपणा मिळावा म्हणून. ते आले होते. सगळे आले होते."

तिनं खराट्याला हात लावला. मग म्हणाली, "आठ वर्षांत पहिल्यांदा मी घरी होते, इसाक्की. आणि तू जगाला सांगितलंस, घरी कुणी नाही."

इसाक्कीनं हे मला पुढं स्वतः सांगितलं. त्यानं खराटा उचलला, गुडघ्यावर मोडला आणि खाली मान घालून विचारलं, "जायचं का?"

विएनो खुणांकडं बघत होती. "हो," ती म्हणाली. "पण आधी भट्टी पेटव. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जात नाहीत आमच्यात."

दुपारी ती दोघं निघाली. ती पुढं, बर्फगाडीवर टोपली ठेवून पायानं रेटत, तो मागं. तिनं एक खूण निवडली आणि ती खूण जिथं नेईल तिथं गेली. ती मांदाकाकूच्या पायरीपाशी संपत होती. काकूनं दार उघडलं, दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "सरपण संपलं वाटतं?"

विएनो इतकी हसली की टोपली हातातून सुटता सुटता राहिली. ती त्या घरात दोन तास बसली. निघून पुन्हा तळ्यावर आली, दुसरी खूण धरली, दुसरं घर. मधुचंद्राचे उरलेले दिवस त्यांनी असेच काढले. जिथून खूण आली तिथवर ती उलट चालत गेली, आणि प्रत्येक घरी उंबरा ओलांडून आत बसली. कुणाकडं आवाज दबका होता, कुणी कारेलियाचं नाव निघताच खिडकीकडं पाहिलं; तेही तिनं पाहून घेतलं. पण चहाकॉफीवाचून तिला कुणी उठू दिलं नाही.

अकरावी खूण माझी. आठव्या दिवशी, अंधारायच्या आधी, ती आमच्याकडं आली. माझ्या बायकोनं तिला भट्टीशेजारची जागा दिली. इसाक्की दाराजवळ बसला. दोन दिवसांत इतकी घरं फिरून तो शिकारीतून आलेल्या कुत्र्यासारखा थकला होता. मला त्या दोघांच्या गोष्टीतलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त पाहिलं की तो माणूस बायकोच्या तोंडाकडं टक लावून बसलाय, जणू तिथून निकाल यायचाय.

विएनोनं आमच्या गोठ्याची चौकशी केली. किती गाई, दूध किती, चारा कुठून आणता. मग कप बशीवर ठेवत माझ्या बायकोला म्हणाली, "वसंतात कुणाकडं कालवड मिळेल का हो? लहान असली तरी चालेल. माझ्या हाताला सरावेल मोठी होता होता."

माझी बायको म्हणाली, आमचीच एक आहे, पांढऱ्या कपाळाची, जरा हट्टी आहे.

"हट्टी चालेल," विएनो म्हणाली.

दाराजवळून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण आमच्या घरात इसाक्की आपणहून बोलल्याची ती पहिली वेळ.

"गोठा बांधावा लागेल," तो म्हणाला. "झऱ्याच्या बाजूला जागा आहे. मेपर्यंत होईल." थोडा थांबला, आणि पुन्हा बोलला. "दोन गाईंचा बांधतो."