वाटणाऱ्याचा मोदक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतका खोल विचार करून इतका गोंधळ घालणारा माणूस अख्ख्या लखनौत दुसरा नसेल. वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. सर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मी बँकेतली, फ्रिजवर कामांची यादी लावणारी. एकदा त्यांना तेलीबागच्या बाजारातून आंबे आणायला सांगितलं, तर फळवाल्याला म्हणाले, "भैया, दसहरी मीठा है, ये आप जानते हैं या सिर्फ मानते हैं?" भैया म्हणाला, "बाबूजी, लेना है तो लीजिए, पीछे लाइन लगी है।" सर आंब्यांशिवाय परतले आणि जाणणं आणि मानणं यांतला फरक मला जिन्यातच समजावला. मला तो कळला, असं मी मानते.

गणपतीला गावातली मराठी मंडळी आमच्याकडे जमतात. सरांनी नियम केला, "वाटणारा शेवटी घेणार. मग वाटणी न्याय्यच होते." स्वतः ताट घेऊन फिरले. पण आपली माणसं! जो तो भिडेपोटी फुटका मोदक उचलायचा. सर कळवळले, "अहो, चांगला घ्या, तर्काला धरून वागा!" माझी मुलगी ओरडली, "अंकल, ठंडे हो रहे हैं!" शेवटी सगळ्यात सुबक मोदक सरांच्याच वाट्याला आला. तो हातात धरून ते कितीतरी वेळ अपराध्यासारखे बसले होते.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या आणि सर गॅस चालू ठेवून वाचत बसू लागले. नागपूरहून त्यांची मुलगी मला फोन करायची, "मावशी, बाबांना इकडे पाठवा ना." मी कागदावर दोन रकाने आखून दिले, जाण्याचे फायदे आणि राहण्याचे. दरवेळी जाणंच जिंकायचं. सर म्हणायचे, "सिद्ध झालं. पण पटलं नाही. हे कसं?" मी कुकर लावायला उठायचे.

शेवटी त्यांची मुलगीच न्यायला आली. चारबाग स्टेशनवर गाडी लागल्यावर सर मला म्हणाले, "तुम्ही तटस्थ आहात. सांगा, जाऊ ना?"

"जा, सर," मी म्हटलं. तटस्थ मी मुळीच नव्हते.

हल्ली मोदक मी वाटते. मंडळी अजून फुटकेच उचलतात, आणि ताटात सुबक मोदक उरतो. नियमाने तो माझा. पण तो सरांचा आहे, हे मी जाणते की नुसतं मानते, ते विचारायला वर कोणी नाही.