डबा वरडतोय : तो धागा कुणी हलवला?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावस्येला चौकात उतरवून टाकलेलं लिंबू मी बिनदिक्कत ओलांडतो, आणि कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मला जांभई येते. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलोय याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितो.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, नेटवर्किंगची कामं करतो. शिवाय एक बिनपगारी उपद्व्याप आहे — नॅस वापरणाऱ्यांचा मराठी फोरम चालवतो. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. घरचे फोटो, व्हिडिओ, दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, सगळं त्यात राहतं. फोरम सुरू केला मी आणि धनाजीनं. धनाजी विट्याचा, पण त्याचं गलाईचं दुकान कोइमतूरला — सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा, विट्याची कितीतरी माणसं देशभर हेच करतात. कॅमेऱ्यांसाठी म्हणून त्यानं डबा घेतला आणि त्याच्या नादीच लागला; मग विट्याच्या घरीही एक बसवला.

सुरुवातीला फोरमवर नुसता बाजार होता. लोक वाट्टेल तिथं वाट्टेल ते लिहायचे. कुणी विचारतोय डिस्क कुठली घेऊ, त्याच्याखाली दुसऱ्याचं पासवर्ड विसरल्याचं रडगाणं. माझं डोकं फिरायचं. मी छान इंग्रजी नावांचे विभाग करून दिले, तर कुणी ढुंकून बघितलं नाही. मग धनाजी म्हणाला, "गड्या, लोकं बोलत्यात तशी नावं दे की." त्यानंच दिली — 'घेऊ काय', 'बिघडलंय', 'सहज आलोवतो'. आणि एक 'हात लावू नका'. घाईनं काही केलं तर डेटा कायमचा जाईल, असे धागे त्या विभागात. धागा, म्हणजे एका प्रश्नावरची सगळी चर्चा, एका विभागातून दुसऱ्यात हलवायचा अधिकार फक्त आम्हा दोघांना होता.

गेल्या उन्हाळ्यात धनाजी दुकानातच गेला. हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. मी बरेच दिवस फोरम उघडला नाही. उघडला तेव्हा आधी त्याचं खातं गोठवलं, आणि ते करताना मला रडू आलं.

थंडीत एक धागा आला, 'डबा वरडतोय'. लिहिणाऱ्या मनीषावहिनी, धनाजीची बायको. विट्याच्या घरातल्या डब्यावर लाल दिवा लागलाय आणि बीप बीप थांबतच नाही, म्हणे. मी सवयीनं धागा 'बिघडलंय' मध्ये टाकला आणि त्यांना फोन लावला.

"भावजी, आर्याचं व्हिडिओ हायती त्यात," त्या म्हणाल्या.

आर्या त्यांची मुलगी, दुसरीत आहे. धनाजी दुकान उघडायच्या आधी तिला रोज एक व्हिडिओ पाठवायचा — आज नाष्ट्याला काय खाल्लं, रस्त्यात कुठलं कुत्रं मागं लागलं, असलं काहीबाही. फोन भरला की वहिनी ते डब्यात टाकायच्या आणि फोनमधून पुसायच्या. धनाजी त्याच्याकडचेही पुसायचा. दुसरी कॉपी कुठंच नव्हती. अख्ख्या फोरमला बॅकअपवरून झापणारा माणूस, आणि त्याच्याच घरी बॅकअप नाही... काय बोलणार.

"ती जेवताना रोज एक लावती," वहिनी म्हणाल्या. "त्येबिगर घास उतरत न्हाई तिला."

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क घेऊन विट्याला गेलो. भर दुपार होती. धनाजीचे वडील, आबा, सोप्यात बसले होते. आर्या माझ्याशेजारी येऊन फतकल मारून बसली आणि म्हणाली, "काका, पप्पा हायती न्हवं आत?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

डब्यात चार डिस्क, प्रत्येक आपापल्या ओढून काढता येणाऱ्या खणात. चारातली एक गेली तर नवी घालून सगळं परत उभं राहतं. त्यातच चुकून दुसरी काढली, तर मग काही परत मिळेल याची खात्री कुणी देत नाही. लॅपटॉपवर दिसत होतं, तीन नंबरची गेलीय. धनाजीनं प्रत्येक खणावर नंबराची चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठ्या मागंपुढं दिसल्या, पण त्याची मांडामांड नेहमी असलीच, असं समजून मी तीनची चिठ्ठी असलेला खण धरला आणि कडी उघडली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फोरमची सूचना होती. 'डबा वरडतोय' हा धागा 'बिघडलंय' मधून 'हात लावू नका' मध्ये हलवला आहे.

खरं सांगतो, आधी भीती नाही, रागच आला. माझ्या फोरममध्ये कोण ढवळाढवळ करतंय? मग हलवणाऱ्याचं नाव वाचलं. धनाजी.

वहिनींना काही बोललो नाही. कडी परत लावली, आणि का ते ठाऊक नाही, पण विचारलं, "या डब्याला कुणी हात लावला होता का?"

"म्या लावलावता," आबा म्हणाले. "दसऱ्याला. सण न्हाई केला औंदा आमी. पर त्येच्या हातची वस्तू, बिनपूजेची कशी ठिवायची? बंद करून चारी खणं भाईर काढली, पुसली, हळद-कुकू लावलं, परत बसिवली."

"त्याच जागी बसवली?"

"त्ये कुणाला ठावं रं. समदी सारखीच की."

दसऱ्याला यंत्रं-हत्यारं आम्हीही पुजतो, माझ्या पकडीलासुद्धा कुंकू लागतं. पण डिस्क बाहेर काढून कुणी पुजेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. चिठ्ठ्या खणांबरोबर फिरल्या होत्या, आणि डबा चिठ्ठी बघत नाही, जागा मोजतो. डिस्कवरचे छापील नंबर ताडून बघितले. तिसऱ्या जागेवरची डिस्क गेली होती. मी धरली होती ती चांगली होती. नुसती ओढली असती तर... आर्या तिथंच बसली होती हो.

बिघडलेली काढली, नवी घातली. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळं जुळून आलं. एकही व्हिडिओ गेला नाही.

घरी येऊन फोरमच्या नोंदी तपासल्या. धनाजीचं खातं गोठवलेलंच होतं. त्याचा फोन वहिनींच्या कपाटात बंद, सिमही बंद. आमचा सर्व्हर सांभाळणारा मित्र खंडाळ्याला असतो, तो म्हणाला, "बग असेल काहीतरी." कसला बग, म्हटलं. "बघावं लागेल." अजून बघतोच आहे.

वहिनींपासून लपवून ठेवणं बरं वाटेना, म्हणून शेवटी परवा फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यास्नी एवढं कळतंय, धागा हलवाय येतोय... मग पोरीला एक नवा व्हिडिओ का धाडत न्हाईत? जुनं समदं पाठ झालंय तिचं."

धागा कसा हलला याचं कारण उद्या कुणी शोधूनही काढेल, मला ते आजपर्यंत सापडलेलं नाही. पण वहिनी उत्तराची वाट बघतायत, आणि त्यांना काय सांगावं हे मला खरंच कळत नाही.