फाईल तिवशाची, सर्व्हर अकोल्याचा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. पदवीनंतरची पहिली नोकरी अमरावतीत लागली, एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या छोट्या ऑफिसात. दवाखाना अकोल्याला. गावोगावच्या शिबिरांत तपासलेल्या रुग्णांच्या नोंदी आम्ही टाइप करायचो आणि अकोल्याच्या सर्व्हरवर एकेक करून भरायचो. तिवशाचं शिबीर मात्र फार मोठं झालं, म्हणून अख्खी फाईल एकदम चढवायचं काम माझ्याकडे आलं. ही मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला निघणार होती. तिथल्या नोंदणीच्या खिडकीवर नाव दिसलं नाही, तर त्यांना परत यावं लागलं असतं.

मी कमांड लिहिली. फाईल कुठल्या फोल्डरात आहे तो पूर्ण पाथ दिला. उत्तर आलं, अशी फाईल नाही.

फाईल तर समोर दिसत होती, उघडतही होती. पाथ पुन्हा टाकला, तेच उत्तर. आमच्या ऑफिसात फोल्डरांना सर्रास मराठी नावं असायची. मला वाटलं, इथंच अडलं. अंजनगावच्या शाळेतून कॉलेजात आल्यापासून काहीही बिघडलं की पहिला संशय मला माझ्या मराठीचाच यायचा. नाव इंग्रजीत केलं. फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर नेली. काही फरक नाही.

आमचं ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "होईल ना गं? नाहीतर तिवशाला फोन करून टाकते, येऊ नका म्हणून."

"थोडं थांबा, मॅडम."

अकोल्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे भाई म्हणत. त्यांना फोन लावला.

"भाई, फाईल आहे, तरी नाही म्हणतंय. मराठी नावामुळं असेल का?"

"मराठीनं तुयं काय घोडं मारलं? फाईल हाये कुठं?"

"डेस्कटॉपवर."

"कोनाच्या?"

"माझ्या."

"मंग मी अकोल्यात बसून तुया टेबलावरचं कसं पाहू? तुयी आई अंजनगावहून डबा कसा धाडते?"

"एसटीनं. कंडक्टरजवळ देते."

"देते ना? का नुसती सांगते, ओट्यावर ठेवला हाये, खाऊन घे?"

मला हसू फुटलं आणि सगळं उलगडलं. कमांड मी अमरावतीतून देत होते, पण फाईल शोधत होता अकोल्याचा सर्व्हर, आणि तोही स्वतःच्याच डिस्कवर. माझा डेस्कटॉप त्याच्या गावीही नव्हता.

आधी फाईल सर्व्हरवर पाठवली. मग तिथला पाथ दिला. आता उत्तर आलं, वाचायची परवानगी नाही.

"भाई, वेगळी एरर आली!"

"क्या बात है! एरर आली म्हून पेढे वाटून राहिली पोरगी."

पण त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण आता निदान फाईल सापडली होती. अशा फाईली सर्व्हर एका ठरलेल्या फोल्डरातूनच वाचतो, हे त्यांनी सांगितलं. ते असं का, हे मला नीट कळेपर्यंत फोन ठेवला नाही. कुठल्या कॉलेजची, हे विचारलं नाही. ते उपकार मी मानते.

फाईल त्या फोल्डरात हलवली, पाथ बदलला, कमांड दिली. कर्सर क्षणभर थांबला आणि नोंदी चढल्या. मी पहिलं नाव पाहिलं, शेवटचं पाहिलं, एकूण आकडा फाईलशी ताडून पाहिला.

"मग, करू का फोन?" मॅडमनी विचारलं.

"नको. येऊ द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेना. दुपारी भाईंचा फोन आला.

"खिडकीवर जाऊन आलो. तुये तिवसेवाले बसले आत. एक बुढा तेवढा भांडून राहिला."

"काहून? नाव नाही सापडलं?"

"सापडलं ना! पहिलंच त्याचं निघालं. त्याले आधी चहा प्याचा होता."