बॅबीनच्या गाण्यातली खरखर

कोलमनचे कान तिखट होते, आणि तिखट कानांच्या माणसाबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय, ते बॅबीनला विचारावं. फ्रिज घरघरतोय म्हणून हा जेवता जेवता उठून त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारणार. टिकटिक सहन होत नाही म्हणून आईच्या वेळचं भिंतीवरचं घड्याळ त्यानं न्हाणीघरात नेऊन टांगलं.

“आता किती वाजले ते बघायला मी अंघोळ करू का?” बॅबीननं विचारलं.

“केलीस तर वाईट काय,” कोलमन म्हणाला.

बहीण-भावाचं हे असं चालायचं. ती एकाहत्तरची, तो चौसष्टचा. दोघंही बिनलग्नाचे, आणि रॉसदूव गावाच्या टोकाला समुद्राकडे पाठ करून बसलेल्या त्या घरात दोघंच. बॅबीननं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. कोलमननं सव्वीस वर्षं लंडनच्या एका नाचघरात माइक लावले, वायरी ओढल्या आणि दुसऱ्यांच्या गाण्याबजावण्याचा आवाज सांभाळला. परत आला तेव्हा दोन चांगले माइक, एक कॉम्प्युटर आणि दुखरा गुडघा एवढं घेऊन आला. मागच्या खोलीत त्यानं दुकान थाटलं. दुकान म्हणायचं आपलं, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. गावातल्या चारपाच जणांचं वाजवणं त्यानं तिथं रेकॉर्ड करून, घासूनपुसून दिलं.

बॅबीनचं मात्र एकही गाणं त्यानं घेतलं नव्हतं. आणि आमच्या सगळ्या किनाऱ्यावर तिच्यासारखं गाणारं कुणी नव्हतं. साथीला वाद्य नाही, काही नाही. कोपऱ्यात बसून डोळे मिटायची, आणि गर्दीनं भरलेल्या दारूच्या गुत्त्यात लोक हातातला ग्लास आवाज न करता खाली ठेवायचे. पण घरचंच आहे, कधीही करता येईल, असं म्हणत कोलमननं आठ वर्षं घालवली. आपण सगळे हेच करतो.

नाताळात तिचा आवाज बसला तो बसलाच. मार्चमध्ये गॉलवेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे जीव वाचेल. तारीखही दिली. परतीच्या बसमध्ये बॅबीन अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “एकोणीस दिवसांत किती गाणी मावतात रे?”

 कोलमननं खिशातून पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या मागं गाण्यांची नावं लिहायला घेतली. घर येईपर्यंत एकतीस झाली.

आवाज सकाळीच काय तो साथ द्यायचा. दुपारी नुसती हवा यायची. म्हणून न्याहारी झाली की मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. कोलमननं खिडकीवर घोंगड्या टांगल्या, चूल विझवली, शेजारच्याचं कुत्रं रोज सकाळी तीन मैल दूर फिरायला पाठवायची व्यवस्था केली. बॅबीन आत माइकसमोर, आणि हा दार लावून बाहेर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून.

गाण्याच्या आधी आणि नंतर बॅबीनच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. “कोलमन, हे चालू आहे का? दिवा लाल आहे. लाल म्हणजे चालू की बंद? पाय गारठले माझे. चूल विझवून बहिणीला मारायचा विचार दिसतोय, डॉक्टरांचं काम वाचवतोस होय?” दुपारी ती झोपली की हा बसून ते सगळं कापायचा. गाण्याआधीचा अर्धा श्वास ठेवायचा, मागचा अर्धा ठेवायचा, बाकीचं पुसून टाकायचं. आणि कापलेलं साठवायचं नाही. नाचघरातली शिस्त होती ती, सव्वीस वर्षांत अंगात मुरलेली.

तिसऱ्या दिवशी पेगीन आली. ही पलीकडच्या घरातली, बॅबीनची चाळीस वर्षांची मैत्रीण. आली ती सरळ आत जाऊन बॅबीनला खेटून बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. आमच्याकडे गाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. शेजारचं माणूस त्याचा हात धरतं आणि विहिरीचा रहाट फिरवावा तसा गाण्याबरोबर हळूहळू गोल फिरवतं. कडवं संपलं की “जिती राहा गं” म्हणतं. पेगीन ते चाळीस वर्षं करत होती. बॅबीननं गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यातच कोलमन दार उघडून आत आला.

“हात सोडा,” तो म्हणाला. “लोकरीच्या बाह्या घासतायत. सगळी खरखर येतेय.”

“काय येतेय?” पेगीननं विचारलं.

“खरखर. आणि मधे बोलायचं पण नाही, पेगीन.”

पेगीननं हात सोडला, डोक्याला रुमाल बांधला आणि उठली. “मग तुझ्या त्या यंत्रालाच सांग की हात धरायला,” ती म्हणाली आणि गेली. नंतर कोलमननं निरोप पाठवले, सोडा घालून स्वतः भाजलेला ताजा पाव पाठवला, तरी ती काही आली नाही. पाव ठेवून घेतला, हे मात्र खरं.

त्यानंतर गाणी भराभर झाली. रोज दोन, कधी तीन. कोलमन रात्रीचं जेवण झालं की ती ऐकायचा. स्वच्छ होती, आरपार स्वच्छ. फ्रिज नाही, वारा नाही, बाही नाही. आणि त्याला आतून कळत होतं की त्यात बॅबीनही नाही. सूर होते, शब्द होते, पण बाई कुठं होती? माइक सरकवून बघितला, बदलून बघितला. खोलीत आणखी एक घोंगडी लावली. आपलं चुकतंय कुठं, हे त्याला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते कबूल करायला त्याची जीभ वळत नव्हती.

शेवटी राहिलं आईचं गाणं. सतरा कडव्यांचं. मेंढ्या कातरायला बेटावर गेलेली माणसं, उलटलेली होडी, आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारणारी बाई. हे गाणं आता जगात एकट्या बॅबीनला येत होतं. लहानपणी गोवरात पडली होती तेव्हा आईनं अंथरुणाशी बसून तिला ते दिलेलं. कोलमनला त्यातली चार कडवी यायची, तीही उलटसुलट.

बॅबीन नऊ कडवी गायची आणि दहाव्याला थांबायची. शब्द यायचेच नाहीत. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा दहाव्याला अडायचं. असे तीन दिवस गेले. दवाखान्यात जायला चार दिवस उरले. चौथ्या सकाळी ती नवव्यानंतर गप्प झाली, आणि हेडफोनमधून कोलमनला तिचा नुसता श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा बारीक. तो दार उघडून आत गेला.

“डोक्यातून गेलं का सगळं?” त्यानं विचारलं.

“डोक्यात कधी होतं? भिंतीला गाऊन कसं येईल? हात मोकळा पडलाय माझा.”

“पेगीनच्या पाया पडतो. आत्ता घेऊन येतो.”

“पेगीन राहू दे. तू बस.”

कोलमन दारातच उभा राहिला. “मला नाही जमायचं. टेबलावर कुणीतरी लागतं. आवाज वर गेला, खाली गेला, बघायला नको?”

“कोलमन.”

“मला तो अधिकार नाही, बॅबीन.” हे त्याच्या तोंडून निघून गेलं. आई गेली तेव्हा तो लंडनला होता. ती आजारी असल्याचा फोन फेब्रुवारीत आला, आणि हा जूनमध्ये, ती गेल्यावर उगवला. जाणाऱ्याचा हात मुलांनी धरायचा असतो, तो बॅबीननं एकटीनं धरला. त्यावर तिनं आजवर चकार शब्द काढला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

“अधिकाराचं नंतर बघू,” बॅबीन म्हणाली. “माझ्याकडे सकाळ एवढीच आहे. दहा वाजता हा आवाज जाईल. बस इथं.”

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रेकॉर्डिंग चालूच होतं, ते चालूच राहिलं. तिच्या शेजारी स्टुलावर बसला आणि हात धरला. गार होता, आणि वाटला होता त्यापेक्षा लहान. बॅबीननं डोळे मिटले. पहिल्या कडव्याला त्याला हात फिरवता येईना, उलटाच फिरवत होता. तिनं मनगटानं त्याला वळण लावलं. पाचव्यापर्यंत दोघांचे हात एका लयीत आले. नवव्यानंतर ती किंचित थांबली, आणि लंडनला गेल्यापासून इतक्या वर्षांत कोलमनच्या तोंडून जे निघालं नव्हतं ते निघालं. “जिती राहा गं, माझे बाय.” बॅबीननं दहावं उचललं. मग अकरावं, बारावं. आवाज फाटत होता, खाली घसरत होता, आणि ती त्या फाटलेल्या आवाजातच एकेका बुडालेल्याला नावानं हाक मारत होती. कोलमन रडत होता. स्वतःच्या हुंदक्यांचा आवाज माइकमध्ये जातोय हे त्याला कळत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याचं काही वाटलं नाही.

सतरावं झालं. नंतर दोघं बराच वेळ तिथंच बसून काहीबाही बोलले.

ऑपरेशन नीट पार पडलं. बॅबीन पाच आठवड्यांनी घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी, आणि हातात वही. मधल्या काळात कोलमननं सगळं मिक्सिंग केलं होतं. तीस गाण्यांना तो जे करता येईल ते करून थकला. एकतिसाव्याला, आईच्या गाण्याला, त्यानं बोटही लावलं नाही. बाहीची खरखर, स्टुलाची करकर, त्याचं नाक ओढणं, सगळं राहू दिलं. फक्त सतरावं संपतं तिथं गाणं थांबवलं.

तिच्या येण्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात ऐकायला बसले. सगळी गाणी ऐकायला अख्खा दिवस गेला. आईच्या गाण्याला बॅबीननं मान हलवली आणि वहीत लिहिलं, “हे खरं. बाकीची शाळेतल्या पोरीनं पाठ केल्यासारखी.”

“माहीत आहे,” कोलमन म्हणाला.

तिनं पान उलटलं. “आता माझं बोलणं लाव.”

“कुठलं बोलणं?”

“मधलं. तुला शिव्या घातल्या ते.”

 ती लिहीत होती, भराभर, पेन कागदात रुतवत. “गाणी आईची. तिला कुणाकडून आली, त्यांची. माझं त्यात काय? माझं ते बोलणं होतं.”

खोटं बोलता आलं असतं. कॉम्प्युटरच्या नावावर काय वाटेल ते खपतं. पण तो म्हणाला, “पुसलं मी. रोज दुपारी पुसायचो. काही ठेवलं नाही, बॅबीन.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. वही मिटली नाही, लिहिलंही नाही. एवढी वर्षं ती बोलायची तेव्हा कोलमनला नको व्हायचं, आणि आता हे बघणं त्याला सोसेना. तो उठून मागच्या खोलीत गेला, उगाच काहीतरी शोधायचं म्हणून. एकेक दिवसाची फाइल उघडत गेला. सगळीकडे अर्धा श्वास, गाणं, अर्धा श्वास. शेवटच्या सकाळची मूळ फाइल मात्र त्यानं कापलीच नव्हती. त्या गाण्याला हात लावायचा नाही म्हणून फाइलची नक्कल करून त्यानं काम केलं होतं. मूळ फाइल गाण्यापेक्षा बावीस मिनिटं लांब होती. त्या दिवशी टेबलावर कुणीच नव्हतं, बंद कोण करणार?

त्यानं स्वयंपाकघरातले स्पीकर चालू केले आणि येऊन बसला. सतरावं कडवं संपलं. शांतता. मग नाक शिंकरल्याचा आवाज, त्याचाच.

“पूस ते,” स्पीकरमधून बॅबीन म्हणाली. बसका, फाटका, पण तिचाच आवाज. “एवढा मोठा माणूस. आणि ऐक, आईचं मनाला लावून घेऊन बसतोस ना, ते सोड. शेवटी ती तुझं नाव घेत नव्हती. माझंही नाही. बटाट्यांना माती चढवली का, हेच विचारत होती. दोन दिवस तेच. मी म्हटलं, चढवली. चढवली नव्हती.”

खुर्चीतल्या बॅबीनचे खांदे हलले. हसत होती की काय होतं, आवाज नसल्यावर कळत नाही.

“आणि पेगीनकडे जा. पाव घेऊन नको जाऊस, तुझा पाव दगड असतो. नुसता जा. झालं आता, हात सोड माझा, मुंग्या आल्या. ऊठ, कोलमन. चहा टाक.”

कोलमन उठला. किटली नळाखाली धरून अर्धी भरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ऊठ म्हणणारा आवाज खुर्चीतून नाही, स्पीकरमधून आला होता. मागं वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो तसाच नळाशी उभा राहिला, आणि किटली भरून वाहायला लागली तरी त्यानं नळ बंद केला नाही.