गॅलरीतला लाल दिवा

सासरे गेले तेव्हा बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत त्यांची शेवंतीची एकच कुंडी उरली. त्यांच्या फोटोला त्याच झाडाचं फूल वाहायचं, हा सासूबाईंचा हट्ट. पहिल्याच हिवाळ्यात झाडानं एकही कळी धरली नाही. "तुझ्या त्या चार दिवसात कुंडयेक हात लावलंस," त्या मला शेजारणीसमोर म्हणाल्या. तेव्हापासून पाळीच्या दिवसांत गॅलरी मला बंद झाली. नवरा मोबाइल बघत बसला.

खरं कारण मला ठाऊक होतं. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या प्रयोगशाळेत मी याच कामाचा पगार घेते. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. तिच्या पानांत उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं. रोज रात्री मध्येच थोडा वेळ लाल उजेड पडला, की रात्र लहानच आहे असं समजून झाड फुलत नाही. बारमाही फुलं यावीत म्हणून आम्ही त्या प्रथिनाची रचना बदलू पाहतो. सोसायटीनं गॅलरीसमोर रात्रभर जळणारा नवा दिवा बसवला होता, एवढंच झालं होतं. मी सांगून पाहिलं. "तुझा सायन्स तुझ्याकडेच ठेव," असं उत्तर मिळालं.

पुढच्या पावसाळ्यात तो दिवा बिघडला, आणि कुणी दुरुस्त केला नाही. आता शेवंती फुलणार आणि विटाळ माझाच होता हे सगळ्यांना पटणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. प्रयोगशाळेतला छोटा लाल दिवा टायमरसकट आणून मी कुंडीवर टांगला. डासांसाठी आहे, म्हणाले. "डास कमी झाले गो," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी शिरा केला.

हिवाळा आला, कळी नाही. आता ही बाई कुणाला बोल लावते ते मला बघायचं होतं. सासऱ्यांच्या तिथीच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि गॅलरीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मला उभं करायच्या, तिथेच.

"तूच घाल गो पाणी. तुका उगाच बोललंय मी. माझोच हात वायट. ते गेले, आता ह्या झाड पण गेला." मग हळूच विचारलं, "माझ्याच हातान झाला ना गो?"

दिव्याचं बटण माझ्या हाताशी होतं. बंद केला असता तर दोनेक महिन्यांत फुलं आली असती.

पाणी घालत मी म्हणाले, "असेल."

दुसऱ्या दिवशी विकतचा हार मलाच घालावा लागला. सासूबाई फोटोच्याही जवळ आल्या नाहीत.