कौन आई?

बदलीवाल्यांच्या घरात सुतळी आणि किस्से टाकवत नाहीत, म्हणून साठत जातात. बाबांची पुन्हा बदली झालीय, मी पुन्हा पेट्या बांधतेय. सुतळी संपली, किस्से मात्र तसेच!

सगळे एकाच गॅरेजमधले. इथे उत्तरेत, सेक्टर बावीसमध्ये फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सरदारजी जुनी धातूची क्लॅरिओनेट दुरुस्त करतात. लाकडी नव्हेत, चांदीच्या मुलाम्याची, बारीक नळीसारखी. बाबांचे मित्र दामलेकाका तिथे वाजवायला जातात. एम.ए. होऊन मी घरी नुसती काळजी करत बसते, म्हणून मलाही घेऊन गेले.

माझी अडचण एकच. खुट्ट झालं तरी मी दचकते आणि तोंडून "आई गं!" निघतं. पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर पडला. "आई गं!"

सरदारजींनी दाराकडे पाहिलं. "कौन आई?"

मग हे रोजचंच झालं. अर्थ सांगायचं रोज ठरवायचे, पण समजावून सांगायचाही कंटाळा येतो हो!

*

काकांनी जवळच्या पिंजौर गावच्या भंगारवाल्याकडून एक क्लॅरिओनेट घेतलं आणि तसंच सेक्टर एकमधल्या ऑफिसात नेलं. गेटवर पहारेकऱ्याने अडवलं.

"ये पाइप किसका?"

"पाइप नहीं, बाजा है."

"बजाओ!"

काकांनी गाल फुगवून फुंकलं. भोकांवरचे पॅड सडलेले, नुसती हवा! पहारेकरी खूश.

"ले जाओ जी. बजता होता तो अंदर मना था!"

*

पॅड नीट बसतंय का, हे बघायला त्याखाली सिगरेटवरचा पातळ कागद घालून ओढतात. सहज सरकला तर हवा गळतेय. आता सरदारजी सिगरेटला हात लावणार नाहीत. काका पाकीट आणतात, पण काकूंच्या भीतीने ठेवतात माझ्या पर्समध्ये! ते आईला सापडलं.

मी रडकुंडीला आले. "अगं, आम्ही फक्त कागद वापरतो!"

बाबांनी पेपर खाली केला. "मग तंबाखूचं काय करता?"

*

तीन मोडक्या क्लॅरिओनेटांचे भाग जोडून सरदारजींनी माझ्यासाठी एक उभं केलं. गणपतीच्या तोंडावर मी ते घरी आणलं. आईने देवाच्या उपकरण्यांबरोबर तेही चिंचेने घासलं, बादलीत बुचकळलं आणि गच्चीवर वाळत घातलं! पॅड पुरीसारखे फुगले.

सरदारजींनी ते उजेडात फिरवून पाहिलं. "चमक तो बढ़िया है, पुत्तर. अब इसमें फूल लगा लो."

मग पॅड पुन्हा बसवायला घेतले. पण अट घातली. "गणपति में सबके सामने बजा. एक भी चीं नहीं निकली तो बाजा तेरा. निकली तो यहीं रहेगा."

त्याच आठवड्यात बदलीची ऑर्डर आली. दर गावाला घर मागे राहतं, मैत्रिणी मागे राहतात. हे एक तरी बरोबर यावं, एवढंच वाटत होतं.

*

गणपतीचा मांडव. आई पहिल्या रांगेत. तिला अजून न भेटलेले सरदारजी अगदी मागे. मी डोळे मिटून वाजवत होते. शेवटची ओळ उरली आणि कुणाचा तरी फुगा फुटला.

"चीं!!" आणि पाठोपाठ, थेट माइकवर, "आई गं!"

मागून सवयीने आवाज आला, "कौन आई?"

आई ताडकन उठली. तिचं हिंदी बेताचंच. मागे वळून ठणकावून म्हणाली,

"मैं! मैं आई!"

मी मान खाली घालून क्लॅरिओनेट पुसायला लागले, परत द्यायचं म्हणून.

सरदारजींनी उठून हात जोडले. "आ गई हो तो बैठो, बहनजी. और जाते वक़्त बाजा लेती जाना."