आईने म्हणजे आरसा

फारसीत आरशाला ‘आईने’ म्हणतात. हा शब्द मराठी घरात मोठ्याने घोकू नये, हे मला ऐंशीच्या दशकात दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कळलं.

मी तेव्हा आधुनिक इराणी कवयित्रींवर प्रबंध लिहीत होते. कविता फारसी, त्या वाचायची रीत मनोविश्लेषणाची, आणि तीही स्त्रीवादी बायकांनी आपल्या सोयीने उलटीपालटी करून घेतलेली. नातेवाइकांना हे समजावताना माझी दमछाक व्हायची. “याने नोकरी कशात मिळते?” एवढंच एका काकांनी विचारलं. मला मात्र या विषयाने झपाटलं होतं. या कवितांमधली बाई सारखी आरशासमोर का उभी राहते? आई इतकी कमी का येते? आणि येते तेव्हा पाठमोरीच का? दात घासतानाही हे प्रश्न माझी पाठ सोडत नसत.

त्या हिवाळ्यात वडिलांची नागपूरला बदली झाली. क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि प्रबंध पुरा करायचा तर मला एकटीला दिल्लीत हॉस्टेलवर राहायला हवं होतं. वडील म्हणाले, “आई हो म्हणाली तर माझी ना नाही.” आई काहीच म्हणत नव्हती. विषय काढला की ती गॅसकडे वळायची. धड होकार नाही, धड नकारही नाही. मी चिडचिड करून थकले. समोरच्या बाईच्या मनाचा थांग लागत नव्हता, आणि मी इराणातल्या बायकांच्या मनाचा तळ गाठायला निघाले होते!

एका रविवारी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो होतो. ती मटार सोलत होती, मी कविता मोठ्याने वाचत होते. फारसीत आईला ‘मादर’ म्हणतात. दिल्लीत एवढाच शब्द कानावर पडला तरी ऐकणारा उरलेली शिवी मनातल्या मनात पुरी करतो. शेजारच्या गच्चीवरच्या आंटी चमकून बघायला लागल्या.

“अगं, हळू जरा,” आई म्हणाली. “त्यांना वाटेल, मुलगी आईला शिव्या घालतेय.”

मी हसत पुढच्या कवितेवर गेले. तिच्यात आरसा होता. “आईने... आईने...” उच्चार नीट बसेना म्हणून मी तेच तेच घोळवत राहिले.

“काय केलं आईने?” आईने विचारलं.

मला आधी कळलंच नाही, मग हसू आवरेना. दिल्लीत वाढलेली आम्ही मुलं घरीही ‘आईना’ म्हणायचो आणि ती ‘आरसा म्हणा’ म्हणून दटावायची. पण हे ‘आईने’ तिला सरळ मराठी वाटलं होतं. मुलगी केव्हाची आईचं काहीतरी सांगायला बघतेय आणि वाक्य काही पुरं करत नाही, अशी तिची समजूत.

मी अर्थ सांगितला. हा योगायोग मला एवढा आवडला, की पाठोपाठ अख्खा सिद्धांतच तिच्यासमोर मांडला. तान्ह्या बाळाचा पहिला आरसा म्हणजे आईचं तोंड. ती त्याच्याकडे बघून हसली, की आपण आहोत, आपण हवे आहोत, हे त्याला तिथे दिसतं. कवितांमधल्या बायका आरशात बहुधा तेच शोधत असाव्यात, असं माझं म्हणणं होतं.

“अच्छा. बाळ आईकडे बघतं,” ती म्हणाली. “आणि आई कुठे बघते?”

“बाळाकडे.”

“सारखी?”

हा प्रश्न नवा नव्हता. माझ्या पुस्तकांतल्या बायकांनीही तो विचारला होता, मी त्यावर टिपणंही काढली होती. पण स्वतःच्या आईच्या तोंडून तो ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

“तू कुठे बघायचीस?” मी विचारलं.

“खिडकीबाहेर. सकाळी तुला कडेवर घेऊन उभी राहायचे. समोर बसस्टॉपवर ऑफिसला जाणाऱ्या बायका असायच्या. खांद्याला पर्स, हातात डबा. वाटायचं, आपणही त्यांच्यात असावं. तू माझी हनुवटी धरून तोंड तुझ्याकडे वळवायचीस, आणि मी पुन्हा तिकडेच बघायचे. बस सुटेपर्यंत.”

तिने हे इतकं सहज सांगितलं, की मला पहिल्यांदा रागच आला. मग कुतूहल वाटलं. त्या वेळी तिच्या चेहऱ्यात मला काय दिसलं असेल? मी तर नक्कीच नाही. मला दिसली असेल बाहेर पडावंसं वाटणारी एक बाई. शिकायचा, एकटीने राहायचा माझा हट्ट हा फक्त माझाच आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

“राहा तू हॉस्टेलवर,” ती म्हणाली. “बाबांना मी सांगते.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू जवळ हवी होतीस म्हणून.”

“आणि आता?”

“आताही हवीच आहेस,” ती म्हणाली. “तरी राहा.”